स्लावाच्या दिवशी फाटक

ट्रॅक्टर मागे घेताना मागे बघायचं असतं, हे ओब्रादला माहीत होतं. त्याने बघितलंही होतं, पण डाव्या खांद्यावरून, आणि मक्याने भरलेली ट्रॉली गेली उजवीकडे. फाटकाची वरची बिजागरी तुटली, खालची वाकली आणि उजवं लोखंडी दार अंगणात आडवं झालं. ही नऊ ऑक्टोबरची गोष्ट. एकतीसला संत लुकाचा दिवस, म्हणजे ओब्रादच्या घराची स्लावा, घराण्याच्या रक्षक संताचा वार्षिक सण. स्लावाच्या दिवशी घराचं फाटक सकाळपासून सताड उघडं असावं लागतं. तारेने बांधलेलं किंवा भिंतीला टेकवून ठेवलेलं चालत नाही.

त्याची बायको देसांका पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिने दार बघितलं, ट्रॉली बघितली आणि शेवटी नवऱ्याकडे बघितलं.

"आता जा समोर," ती म्हणाली.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, वितोमिरकडे. वितोमिर ओब्रादचा थोरला भाऊ. आगगाडीचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं वेल्डिंग केलं होतं आणि आता निवृत्त होऊन घरीच होता, एकटा. गावात कोणाचा नांगर मोडला, कोणाची प्लमची दारू गाळायची भट्टी गळायला लागली, तर लोक त्याच्याकडे जात. दुसऱ्या गावांतूनही येत. फक्त समोरच्या घरातून अकरा वर्षांत कोणी गेलं नव्हतं.

"मी मशीन विकत घेतो," ओब्राद म्हणाला.

"कसलं?"

"वेल्डिंगचं. नाहीतरी शेती म्हटली की काही ना काही मोडतच असतं. आज फाटक, उद्या ट्रॉली. तुला द्राक्षाच्या वेलाला मांडव हवा होता ना?"

"मला मांडव नकोय. मला घरात दोन भाऊ हवेत," देसांका म्हणाली आणि आत गेली.

हे अकरा वर्षांचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. वडील गेले तेव्हा भावांनी ठरवलं की जुनं घर ओब्रादचं आणि स्लावाची मेणबत्ती जुन्या घरातच लागेल. वितोमिरकडे ना बायको ना स्वयंपाक, त्यामुळे त्यालाही ते पटलं. ओब्राद तेव्हा पोस्टात खिडकीवर होता. चौतीस वर्षं त्याने लोकांना सही कुठे करायची ते दाखवलं होतं आणि कागदावर असलेली गोष्ट तोंडी गोष्टीपेक्षा सन्मानाची, असं त्याचं प्रामाणिक मत झालं होतं. यजमान म्हणून आपली पहिलीच स्लावा, ती साजेशी व्हावी म्हणून त्याने जाड कागदावर सोनेरी अक्षरांत निमंत्रणं छापून घेतली. त्यातलं पहिलं निमंत्रण रजिस्टर टपालाने, पोचपावतीसह, रस्त्यापलीकडे पाठवलं.

आता स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याचं नातं आहे तो येतो. ज्याला बोलवावं लागतं तो परका असतो. हे दूधपित्या पोरालाही माहीत असतं आणि ओब्रादलाही माहीत होतं, पण छापखान्यात गेल्यावर तो ते विसरला. वितोमिरने पोचपावतीवर सही केली, कारण पोस्टमनचा काही दोष नव्हता. "माझ्या बापाच्या टेबलावर जेवायला मला पोस्टाने आमंत्रण आलंय," एवढंच तो दुकानासमोरच्या बाकावर बसून बोलला. त्या वर्षी त्याने आपल्या रिकाम्या घरात स्वतःची मेणबत्ती लावली. पुढच्या वर्षीही लावली.

ओब्रादला चूक कळली होती, पण आपण वाईट हेतूने केलं नाही हेही त्याला पक्कं माहीत होतं. हे दोन्ही एकाच वेळी माहीत असणाऱ्या माणसाला माफी मागणं फार जड जातं. शिवाय पुन्हा बोलवायचं म्हणजे तोच गुन्हा दुसऱ्यांदा करायचा. तेव्हा एकच उपाय उरला होता. दर वर्षी संत लुकाच्या दिवशी तो फाटक सकाळी सहाला उघडत असे आणि दिवसभर पाहुण्यांना वाढता वाढता खिडकीतून रस्त्याकडे बघत असे. कधीतरी दादा आपण होऊन येईल, म्हणून. हे त्याने देसांकाला कधी सांगितलं नव्हतं. तिला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

मशीन घ्यायचं ठरलं आणि ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. पहिला आला गव्रिलो, शेजारच्या प्लमच्या बागेचा मालक. या माणसाने आयुष्यात कधी खिळा सरळ ठोकला नव्हता, त्यामुळे त्याला सगळ्याच अवजारांबद्दल ठाम मतं होती.

"आजकालचे ते डबे घेऊ नकोस," तो म्हणाला. "खेळणी आहेत ती. मशीन कसं हवं? उचलताना कंबर मोडली पाहिजे. माझ्या सासऱ्याचं आहे बघ, आत नुसतं तांबं. देश बदलले, झेंडे बदलले, मशीन आहे तसं आहे."

"चालतं का?"

"चालायला काय झालंय? फक्त लावलं नाही कोणी."

दुसरा आला बुदिमिर, ओब्रादच्या लग्नातला साक्षीदार, म्हणजे रक्ताच्या नात्याहून वरचा माणूस. त्याचं म्हणणं पडलं की वेल्डिंगच्या रॉडचा जमाना गेला, आता गॅसची टाकी आणि आपोआप सुटणारी तार. "नुसतं बटण दाबायचं. माझी सूनसुद्धा करेल."

"तुझ्या सुनेने केलंय का कधी?"

"तिला गरज काय? आम्ही वितोमिरकडे देतो."

हे ऐकून ओब्रादने कॉफीचा कप जरा जोरात खाली ठेवला. नंतरच्या चार दिवसांत आणखी सात जणांनी सल्ला दिला आणि प्रत्येकाचा सल्ला शेवटी हात लांब करून रस्त्यापलीकडे बोट दाखवण्यापाशी येऊन थांबला. एखाद्याने आपल्याला मूर्ख म्हटलेलं परवडतं. गावातला प्रत्येक जण काळजीपोटी तेच सुचवतोय, हे ओब्रादला सहन होईना.

शेवटी गव्रिलोच्या सासऱ्याचं मशीन आणायचं ठरलं, कारण ते फुकट होतं. चौऱ्याण्णव किलो वजन. ढकलगाडीवर घालून दोघांनी ते आणलं, वाटेत दोनदा विसावा घेतला आणि एकदा एकमेकांशी भांडले. समोरच्या घराच्या पडवीत वितोमिर काहीतरी घासत बसला होता. त्याने मान वर केली, ढकलगाडी बघितली आणि पुन्हा मान खाली घातली. ओब्रादला त्या खाली घातलेल्या मानेचा फार राग आला.

मशीनची वायर जोडली, रॉड लोखंडाला टेकवला आणि घरातले सगळे दिवे एकदम गेले. मीटरच्या पेटीतून धूर आला. देसांकाच्या ओव्हनमधला पाव अर्धा फुगून तसाच बसला. दुसऱ्या दिवशी वायरमनने पेटी उघडून बघितली आणि टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, घराची वायर तुमच्या आजोबांच्या वेळची, एक दिवा आणि एक रेडिओ एवढ्यापुरती. असलं मशीन चालवायचं तर थ्री-फेज जोडणी घ्या.

ओब्रादला उलट बरं वाटलं. अर्ज करणं हे त्याचं क्षेत्र होतं. तो सूट घालून, कागदपत्रांची फाईल काखेत मारून तालुक्याच्या वीज कचेरीत गेला. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटून पालटून पाहिला.

"अर्ज सुंदर भरलाय," त्या म्हणाल्या, आणि ओब्रादने मान किंचित झुकवली. "पण घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. म्हणजे वडिलांच्या."

"उताऱ्यावर तर तुमचे आजोबा दिसताहेत."

"ते वारले."

"केव्हा?"

"चौसष्ट साली."

बाईंनी सहानुभूती दाखवायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला. मग सांगितलं की आधी वारसांच्या नावे नोंद करा. त्याला सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. "भाऊ-बहीण कोणी?"

"एक भाऊ."

"परदेशात असतो का?"

"नाही. समोर."

"कोणासमोर?"

"आमच्या. रस्ता ओलांडला की."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. "आज घेऊन या सही, मी चारपर्यंत आहे."

ओब्रादने फाईल बंद केली. याच प्रकारच्या खिडकीमागे बसून त्याने कितीतरी लोकांना एका शिक्क्यासाठी परत पाठवलं होतं, तेही असंच हसून. परतीच्या बसमध्ये त्याला ती माणसं आठवली. त्यांतल्या एखाद्याचाही भाऊ समोर राहत असेल, असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

तेवीस तारखेला तो मुकाट्याने अवजारांच्या दुकानात गेला. दुकानदार शहाणा माणूस होता. काय काय करायचंय ते त्याने आधी विचारलं. फाटक, ट्रॉली, नांगराची पट्टी, जमलं तर मांडव. गंजलेलं लोखंड, उघड्यावरचं काम. "मग गॅसवालं नको," तो म्हणाला. "वाऱ्यात गॅस उडून जातो. हे घ्या, रॉडचंच, पण आतून नवीन. घरच्या विजेवर चालतं." त्याने चार-पाच किलोंचा एक डबा काउंटरवर ठेवला. देसांका यापेक्षा मोठ्या डब्यात साखर ठेवते, असं ओब्रादच्या मनात आलं. पण पैसे देऊन तो ते घेऊन आला.

दुकानदाराने निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती: महिनाभर भंगारावर हात बसवा, मग कामाला लागा. ओब्रादकडे आठ दिवस होते.

पहिल्या दिवशी रॉड चिकटायचा. टेकवला की चिकटायचा आणि ओढला की अख्खी पट्टी उचलून यायची. दुसऱ्या दिवशी मशीनचा करंट वाढवला, तेव्हा चिकटणं थांबलं आणि भोकं पडू लागली. ट्रॉलीच्या मागच्या पत्र्याला त्याने एक भेग बुजवताना चार भोकं पाडली, ती बुजवताना आणखी दोन. गव्रिलो कुंपणावर कोपरं टेकून बघत होता.

"मका गळेल त्यातून," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"कणसं नाही गळणार. दाणे गळतील."

ओब्रादने काळ्या काचेचा मुखवटा वर करून त्याला उत्तर दिलं आणि मुखवटा तसाच वर ठेवून पुढे काम केलं. नेमका किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. पुढचे दोन दिवस तो पडद्याआडच्या अंधारात डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून होता. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होत होती. लोक भेटायला आले, देसांकाच्या प्लमच्या दारूचा समाचार घेत बसले आणि पलंगावरच्या माणसाला ऐकू येत नाही अशा थाटात त्याच्याविषयी बोलले. सन्मानाने पडून राहायचं म्हटलं तरी डोळ्यांवर बटाटे असताना ते अवघड असतं.

सगळे गेल्यावर देसांका चकत्या बदलायला बसली.

"त्याने विचारलं," ती म्हणाली.

"कोणी?"

"दुकानात भेटला. म्हणाला, डोळे कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत. म्हणाला, दुधाचा बोळा ठेव, बटाट्याने काही होत नाही."

ओब्रादने डोळ्यांवरच्या चकत्या स्वतःच काढून तिच्या हातात दिल्या. "मग ठेव दुधाचा," तो म्हणाला.

तीस तारखेला दुपारी त्याने फाटक हाती घेतलं. गव्रिलोने या वेळी कधी नव्हे तो बरोबर सल्ला दिला, निदान ऐकायला तरी. उजवं दार जागेवर उभं कर, डाव्या दाराला लावून समतल कर, आणि हलू नये म्हणून दोन्ही दारं मधोमध एकमेकांना वेल्डिंगचा टाका मारून धरून ठेव. मग निवांत बिजागऱ्या कर. झालं की टाका कापून टाकायचा.

ओब्रादने तसं केलं. आणि तो टाका मारताना काय झालं कोण जाणे, रॉड चिकटला नाही, लोणी वितळावं तसं लोखंड वाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याला कळलं की हे असं असतं. त्या आनंदात तो टाका मारून थांबलाच नाही. वरून खालपर्यंत वीतभर अखंड, खवल्यांची सुरेख ओळ काढली. मग खाली आणखी एक काढली. बिजागऱ्याही बऱ्या झाल्या. संध्याकाळी त्याने मागे सरकून बघितलं तर फाटक सरळ, समतल, नव्यासारखं उभं होतं. त्याने देसांकाला बोलावलं. तिलाही ते आवडलं.

"उघड बघू," ती म्हणाली.

टाके कापायला लोखंड कापणाऱ्या चकतीचा ग्राइंडर लागतो. ओब्रादकडे ग्राइंडर नव्हता. गव्रिलोकडे नव्हता. बुदिमिरकडेही नव्हता. या गावात कोणी ग्राइंडर कधी विकतच घेतला नव्हता, कारण तो वितोमिरकडे होता आणि वितोमिर कोणाला नाही म्हणत नसे. तालुक्याचं दुकान बंद झालं होतं. ओब्रादने हातकरवत चालवली. दारांच्या मधे जी झाकपट्टी होती तिच्यामुळे पातं धड पोचत नव्हतं. अंधार पडेपर्यंत तीन पाती मोडली आणि टाक्यावर नखाएवढी रेघ उमटली.

संत लुकाच्या सकाळी सहा वाजता ओब्राद सूट घालून बंद फाटकामागे उभा होता. आत टेबलावर मेणबत्ती, गोल पाव, अक्रोड घातलेले उकडलेले गहू, सगळं तयार होतं. डुकराचं पिल्लू भाजून झालं होतं. नऊला पाद्रीबाबा आले. त्यांनी कडी हलवली, पुन्हा हलवली आणि गजांमधून आत बघितलं.

"काय झालं ओब्राद?"

"वेल्डिंग झालं बाबा. आपण जरा गव्रिलोच्या बागेतून या."

पाद्रीबाबा झगा गुडघ्यापर्यंत उचलून, पवित्र पाणी शिंपडायची तुळशीची जुडी उंच धरून, ओल्या चिखलातून आणि कुंपणाच्या भगदाडातून आले. त्यांनी प्रार्थना म्हटली, पाव कापला, घराला आशीर्वाद दिला, पण त्यांचं अर्धं लक्ष बुटांकडे होतं.

बाकीच्या लोकांना बागेचं कोण सांगणार? स्लावाच्या दिवशी फाटक बंद, याचा गावात एकच अर्थ होतो. बुदिमिर नवी टोपी घालून बायकोसह आला, बंद फाटक बघितलं, टोपी काढली आणि हळूच परत फिरला. चर्चकडून येणाऱ्या दोन बायका क्रूसाची खूण करून कुजबुजत गेल्या. साडेदहाच्या सुमारास एक लांबची चुलतबहीण आली ती घरून दुखवट्याचा काळा रुमाल बांधूनच. तिने गजांतून देसांकाचा हात धरला आणि म्हणाली, "शेवटी त्रास तर झाला नाही ना त्याला?" देसांकामागे उभ्या असलेल्या ओब्रादला बघून ती किंचाळलीच.

ओब्राद पायरीवर बसला. अकरा वर्षं त्याने एक गोष्ट नेमाने केली होती, दार उघडं ठेवण्याची. या वर्षी तेही त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं, आणि आयुष्यात जमलेल्या एकमेव चांगल्या जोडाने. त्याला मनापासून वाईट वाटलं. कोणी हसलं असतं तरी चाललं असतं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडचं दार वाजलं. वितोमिर धावत येत होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, अंगात कामाचे कपडे, पायात घरातल्या चपला. त्याने फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. चेहरा पांढरा पडला होता.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. ओब्राद उठून उभा राहिला.

"कोणी नाही दादा. फाटक बंद झालंय."

"देसांका?"

"मी इथे आहे भावजी," ती मागून म्हणाली.

वितोमिरने श्वास सोडला. मग त्याची नजर दारांच्या मधल्या जोडावर गेली. त्याने खिशातून चष्मा काढून लावला, वाकला आणि अंगठ्याने ती खवल्यांची ओळ वरून खाली चाचपून बघितली. दोनदा बघितली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"हं," वितोमिर म्हणाला आणि परत गेला. पाच मिनिटांनी तो ग्राइंडर आणि लांब वायर घेऊन आला, वायर स्वतःच्या घरातून ओढलेली. तोवर रस्त्यावर माणसं जमली होती. बुदिमिर टोपी घालून परतला होता. ठिणग्या उडाल्या, ओब्रादच्या सुटावर काही पडल्या, तो हलला नाही. वरचा टाका सुटला, मग खालचा. वितोमिरने धार घासून गुळगुळीत केली, कोणाचं कापड अडकू नये म्हणून. मग एका बोटाने दार ढकललं आणि ते आवाज न करता उघडलं.

वितोमिर फाटकाच्या रेषेवर उभा होता, रस्त्याच्या बाजूला. ओब्राद आतल्या बाजूला. मधे हातभर अंतर. "ये ना दादा" हे शब्द ओब्रादच्या अगदी जिभेवर आले होते. देसांकाने मागून त्याच्या कोटाची बाही घट्ट धरली. त्याने तोंड मिटून घेतलं. बोललो तर हा पाहुणा होईल, आणि नाही बोललो तर निघून जाईल, अशा पेचात तो उभा राहिला, हे सगळ्या गल्लीने बघितलं.

वितोमिरने वायर गुंडाळली, ग्राइंडर काखेत घेतला आणि तो घरी निघून गेला. त्याचं दार लागल्याचा आवाज आला.

पाहुणे मुकाट्याने आत गेले. स्लावाला यजमान बसत नाही, तो उभ्याने सगळ्यांना वाढतो, म्हणून ओब्राद वाढत होता. सूप वाढताना त्याने दोघांच्या मांडीवर सांडलं, त्यांनी ते हसून पुसून घेतलं. सगळे देसांकाच्या स्वयंपाकाची तारीफ करत होते. गव्रिलोने सुपाला दोनदा अप्रतिम म्हटलं, पाद्रीबाबांनी एकदा. ओब्रादने या वेळी खिडकीकडे बघितलं नाही. त्याला ते झेपलं नसतं.

म्हणून वितोमिर आत आला तेव्हाच तो त्याला दिसला. दाढी केलेली, पांढरा सदरा, ओले केस मागे बसवलेले. कोणी या म्हटलं नाही, त्याने कोणाला विचारलं नाही. तो मेणबत्तीपुढे गेला, क्रूसाची खूण केली, गव्हाचा एक चमचा घेतला. "सण सुखाचा जावो, यजमान," तो ओब्रादला म्हणाला. मग गव्रिलोला जरा सरकवून बाकावर बसला.

ओब्रादने त्याच्यापुढे सूप ठेवलं. दोन्ही हातांनी ठेवलं तरी थोडं सांडलंच. टेबलावरची सगळी माणसं जेवायची थांबली होती. वितोमिरने एक चमचा तोंडात घातला, गिळला आणि कपाळाला आठी घातली.

"देसांका, मीठ कमी पडलंय," तो म्हणाला.

पाहुणा असं बोलत नाही. देसांकाने मिठाचं भांडं उचललं, पण तिला समोरचं नीट दिसेना. ते ओब्रादने तिच्या हातातून घेतलं आणि भावापुढे नेऊन ठेवलं.